टॉर्किलचा पहारा

माझ्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना मी तीनच गोष्टी बजावते. रविवारी दोरीवर टॉवेल वाळत घालायचे नाहीत. शेजारच्या इशबेलच्या कुत्र्याला बिस्किट घालायचं नाही, त्याचं पोट बिघडतं आणि ऐकून मला घ्यावं लागतं. आणि एकेरी रस्त्यावर समोरून गाडी आली तर आपली मागे घ्यायची, कारण इथल्या माणसांना मागे घ्यायची सवय नाही. बाकी ॲपलक्रॉसचं सगळं द्वीपकल्प त्यांना मोकळं आहे. घाट उतरून येतात तेव्हा त्यांच्या पोटात ढवळत असतं. मग समोर समुद्रापलीकडे स्काय बेटाचे डोंगर दिसले की सगळं विसरून फोटो काढत सुटतात. सकाळी सहाला फिरायला जातात, आणि न्याहारीला बसून मला माझंच गाव समजावून सांगतात. मी ऐकून घेते. ओटची लापशी वाढताना तोंड बंद ठेवायला मी शिकले आहे.

मी डोलिना गिलँडर्स. बावीस वर्षं या द्वीपकल्पाची नर्स होते. जन्मलेली माणसं धुतली, मेलेलीही धुतली, आणि दोन्ही कामं झाल्यावर त्याच हातांनी शांतपणे सँडविच खाल्लं. हे बढाई म्हणून सांगत नाही. मी घाबरट बाई नाही, एवढंच आधी सांगून ठेवते.

आमच्या कॅमस डूमध्ये सात घरं आणि अकरा माणसं. घरं संपतात तिथे रस्त्यात मेंढ्या अडवायची लोखंडी जाळी आहे. खड्ड्यावर नळ्या आडव्या टाकल्यात. मेंढरू पाय घालत नाही, पण गाडी गेली की खडखडाट होतो आणि माणूस चालत आलं की नळी टणकन वाजते. माझ्या स्वयंपाकघरात बसून कोण आलं ते मला बघावं लागत नाही. जाळीपासून अर्ध्या मैलावर जुनं कबरस्तान. चारी बाजूंनी दगडी भिंत, समुद्राकडे तोंड, आणि रस्त्याकडे उघडणारं एक लोखंडी फाटक. त्याच्या वर टेकडीवर वरच्या वाडीची पाच घरं आहेत, छपरं पडलेली. पाहुण्यांना ती फार आवडतात.

आता पहाऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे अशी समजूत आहे, की कबरस्तानात जो सगळ्यात शेवटी पुरला जातो, त्याने फाटकावर पहारा करायचा. पुढचं माणूस येईपर्यंत. ते आलं की पहिला सुटला. एकाच दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या तर आमची गंभीर, काळे कोट घातलेली, स्तोत्रं म्हणणारी माणसं शवपेटी खांद्यावर घेऊन चक्क पळत सुटायची, कारण मागून येणाऱ्याच्या गळ्यात पहारा. माझ्या आजीच्या वेळी असंच झालं होतं. आम्ही जिंकलो. माझ्या मामाचा एक बूट चिखलात राहिला तो राहिलाच.

माझा नवरा टॉर्किल चौदा वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. शेवंडांचे पिंजरे होडीतून उतरवताना धक्क्यावर बसला, तो उठला नाही. त्याला जुन्या कबरस्तानात ठेवलं आणि पुढच्याच वर्षी सरकारी पत्र आलं, की जागा संपली. नवं कबरस्तान खाडीपलीकडे झालं. गाड्या लावायला प्रशस्त जागा आहे, समुद्र मात्र दिसत नाही. जुन्यात आता फक्त एकच माणूस जाऊ शकत होतं, ज्याच्याकडे जागेचा कागद आहे ते. तो कागद माझ्याकडे होता. जागा टॉर्किलच्या शेजारची.

म्हणजे मी मरेपर्यंत पहारा टॉर्किलचा. गावाला चेष्टेला विषय मिळाला. लग्नाच्या दिवशी मी चाळीस मिनिटं उशिरा पोचले होते, एक बाळंतपण अडलं होतं म्हणून. "त्याला तेव्हाही ताटकळत ठेवलंस, आताही ठेवते आहेस," असं फिन्ले मला दर नाताळात न चुकता ऐकवायचा. फिन्ले मर्चिसन आमचा कबरी खणणारा. वय बहात्तर, आणि जीभ पंचविशीतली. टॉर्किलचा जिवलग मित्र.

मीही हसायचे. टॉर्किलला वाट बघणं कधी जमलंच नाही. मला फेरीवरून यायला उशीर झाला की तो रस्त्यावर येऊन उभा राहायचा आणि जो येईल त्याला विचारायचा. माणूस गेला, सवय कुठे जाणार, असं म्हणून मी हसायचे.

या वर्षी एप्रिलमध्ये इन्व्हरनेसच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचं सांगितलं. दोन जुलैला शस्त्रक्रिया ठरली. कागदावरचे आकडे मला वाचता येतात. ते वाईट नव्हते, पण चांगलेही नव्हते.

आणि मे महिन्यात ते डच जोडपं आलं.

"फाटकावरचे गृहस्थ किती आपुलकीने बोलले!" बाई पावाला लोणी लावत म्हणाली. "तुमची चौकशी करत होते."

"कुठल्या फाटकावरचे?"

"त्या कबरस्तानाच्या. निळा लोकरी स्वेटर होता. आणि डाव्या हाताचं हे बोट अर्धंच."

टॉर्किलचं ते बोट होडीच्या दोरखंडात गेलं होतं. मीच टाके घातले होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'डोलिना घरीच आहे ना?' आम्ही म्हटलं, हो, आमच्यासाठी अंडी उकडते आहे." दोघं हसली. मी किटलीखालचा गॅस बंद केला आणि पुन्हा पेटवला.

थेट फिन्लेकडे गेले. तो अंगणात फावड्याला धार लावत होता.

"लाज नाही वाटत? पाहुण्यांना हाताशी धरून विधवेची थट्टा करतोस?"

"मी? अगं, डच माणसाला मी काय सांगणार, मला इंग्रजीच धड येत नाही असं तूच म्हणतेस." मग माझा चेहरा बघून त्याने फावडं खाली ठेवलं. "बस जरा. पाणी पी. मी काही केलेलं नाही, डोलिना. टॉर्किलची शप्पथ."

मी बसले. तो दुसरीकडे बघत म्हणाला, "फाटकाची कडी महिन्यात तीनदा वाकली. दर वेळी मी ठोकून सरळ करतो."

"मेंढ्या असतील."

"असतील," फिन्ले म्हणाला. "पण कडी बाहेरच्या बाजूला वाकते. मेंढ्या आत जातात कुठून?"

त्याने फाटकाला होडीचा जाड दोर बांधला. मी घरी येऊन रक्तदाब मोजला. बराच वर होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लीड्सची एक शिक्षिका आली. एकटीच फिरणारी, नीटस, सगळं टिपून ठेवणारी बाई. ती न्याहारीला आली ती जरा घुटमळतच.

"त्या फाटकावरच्या माणसाची तब्येत बरी नाही का हो? मला आत जाऊन जुने दगड वाचायचे होते. ते फाटकाला पाठ लावून उभे होते. टाचा मातीत रोवून. घामाने भिजलेले, एवढ्या गार वाऱ्यात. म्हणाले, 'आज नको, बाई.' मग तुमचं विचारलं, घरीच आहे ना. आणि म्हणाले..." ती थांबली.

"बोला."

"'डोलिनाला विचारा, अजून किती दिवस.'"

माझ्या हातातलं भांडं मी सावकाश खाली ठेवलं. अजून किती दिवस! एवढं एक वाक्य, आणि माझ्या तळपायांतली ऊब गेली. चौदा वर्षं उभं राहून तो थकला होता. आता त्याला सुटका हवी होती, आणि त्याची सुटका कोण आहे हे द्वीपकल्पातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दोन जुलैला पंचवीस दिवस उरले होते.

दुपारी बाराला, लख्ख उन्हात, मी तिथे गेले. मी पाहिलं ते नर्स जसं पाहते तसं पाहिलं. फाटकाबाहेरच्या गवतात दोन खोल चर होते, टाचांच्या रुंदीचे, माती ताजी. फाटकाचे गज मधोमध बाहेर फुगलेले. दोर ताणून तारेसारखा झालेला. आत सगळं शांत, दगड, गवत, त्याच्या मागे समुद्र. टॉर्किलच्या तंबाखूचा वास आला. तो ब्रँड कारखान्याने सहा वर्षांपूर्वी बंद केला आहे.

"टॉर्किल," मी मोठ्याने म्हटलं, "मला एवढ्यात यायचं नाही."

दोर करकरला. वारा पडलेला होता.

मी पळाले. एकसष्ट वर्षांची, झडप अरुंद झालेली बाई, पण मी जाळीपर्यंत पळाले. त्या दिवसापासून मी दारं खिडक्या लावून घेऊ लागले. आमच्याकडे जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, अकरापर्यंत वाचता येतं आणि चारला पुन्हा ऊन. त्या उजेडात मी डोळे उघडे ठेवून पडून राहायचे आणि जाळीचा आवाज ऐकायचे. आवाज यायचा नाही. तो येईल म्हणून मी ऐकत राहायचे.

सोळा जूनला रूथ मॅकरे आली.

कॅनडातून, नोव्हा स्कोशियाहून. पन्नाशीची, मोठ्याने हसणारी, पहिल्याच दिवशी मला 'डोलिनामावशी' म्हणून मोकळी झालेली. तिच्या बॅगेत एक लाकडी पेटी होती आणि पेटीत तिच्या आईच्या अस्थी. आई, किर्स्टी, कॅमस डूमध्ये जन्मलेली. पाच वर्षांची असताना बोटीवर चढली ती परत आली नाही. शेवटच्या आजारात एकच म्हणायची, मला घरी ठेवा.

"पण ऑफिसवाले म्हणतात, जुन्या कबरस्तानात जागा नाही," रूथ म्हणाली. "नव्यात ठेवा म्हणतात. नव्यात कोण आहे तिचं?"

"आई कशी होती तुझी?" मी विचारलं. उगीच विचारलं, माझ्या मनात तोवर सगळं ठरून गेलं होतं.

"माझी आई?" रूथचे डोळे भरले. "चाळीस वर्षं हॅलिफॅक्सच्या चर्चच्या दारात उभी राहायची. दर रविवारी. येईल त्याला दार उघडून द्यायचं, हसून आत घ्यायचं. गोठणाऱ्या थंडीतसुद्धा. आईने आयुष्यात कोणाला दारात अडवलं नाही."

मी कपाटातून कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. ती रडली, माझ्या गळ्यात पडली, देवमाणूस म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. खरं कारण मी इथे लिहिते: मला मरायचं नव्हतं.

फिन्लेला कळलं तेव्हा तो टोपी न काढता घरात शिरला.

"वेड लागलंय का तुला? त्या किर्स्टीला इथलं काय ठाऊक?"

"मॅकरे आहे ती. तिचा आजा, पणजा, सगळे आतच आहेत."

"आडनावाने पहारा होत नाही. पाचव्या वर्षी गेलेलं पोर ते! पहारेकऱ्याला आतलं एकेक माणूस नावानिशी ठाऊक हवं, म्हणजे बाहेर निघू पाहणाऱ्याला दटावता येतं. म्हणून तर परक्याला भिंतीबाहेर पुरायचे. वरच्या वाडीचं विसरलीस?"

"वरच्या वाडीला जमीनदाराने हाकललं. शाळेत शिकलोय आपण."

"चार वाड्यांना जमीनदाराने हाकललं. या वाडीला नाही." तो आता हळू बोलत होता. "वाहून आलेला एक परका खलाशी दया येऊन आत पुरला होता. त्याच हिवाळ्यात माझ्या पणजीचा बाप वर दूध द्यायला गेला. पाचही घरांची दारं उघडी. माणूस नाही. आणि प्रत्येक टेबलावर कप मांडलेले, डोलिना. घरात माणसं चार, तर कप वीस. पंचवीस."

"म्हातारीच्या गोष्टी." माझा आवाज चढला. "आणि किर्स्टीला सवय आहे. चाळीस वर्षं दारातच उभी होती ती."

फिन्लेने आता टोपी काढली. "तू टॉर्किलला घाबरतेस," तो म्हणाला. "टॉर्किलला! तुझ्या पायाला थंडी लागते म्हणून जो तुझे बूट शेकून ठेवायचा, त्याला?"

मी त्याला दार उघडून दिलं. त्याने कबर खणली. जागेचा कागद रूथच्या हातात होता, त्याच्या नाही म्हणण्याला अर्थ नव्हता.

एकोणीस तारखेला दुपारी दोनला किर्स्टीची पेटी मातीत ठेवली. ऊन होतं. पाद्रीबुवांनी स्तोत्र म्हटलं, आम्ही नऊ जणांनी सूर धरला. बाहेर पडताना, रिवाजाप्रमाणे, फिन्लेने फावड्याच्या दांड्याने फाटकावर तीनदा ठोकलं आणि म्हटलं, "पहारा बदलला." मग दोर सोडला. पहारा बदलला की जुन्या पहाऱ्याची दोरी, कुलूप काही ठेवत नाहीत.

फाटकाचे गज सरळ झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. जड ओझं उतरवल्यावर माणूस खांदे सोडतो, तसं ते लोखंड सैल पडलं. तंबाखूचा वास गेला होता.

सुटला बिचारा, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच, मीही सुटले.

त्या दिवशी मी साडेनऊलाच झोपले. कित्येक आठवड्यांनी गाढ झोप लागली.

सकाळी उठून खिडकी उघडली. समुद्र आरशासारखा. रूथ सहालाच फिरायला गेली होती, तिची चिठ्ठी टेबलावर होती. मी लापशी शिजत टाकली, दोन कप मांडले. सात वीसला फोन वाजला.

"मी फाटकावरून बोलतोय," फिन्ले म्हणाला. धापा टाकत होता. "फाटक सताड उघडं आहे. गवत तुडवलंय. सगळं गवत, डोलिना, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि फाटकातून रस्त्यावर."

"गुरं..."

"रूथ कुठे आहे?"

"फिरायला."

तो म्हणाला, "दार लाव," आणि फोन बंद झाला.

मी दार लावायला गेले, तर रूथच आत आली. गाल लाल, केसांत वारा. दार तिने मागे उघडंच सोडलं, आणि माझे हात पुढे झाले नाहीत.

"मावशी, तुम्ही तर म्हणाला होतात गाव ओस पडलंय! किती माणसं आहेत रस्त्यावर! जुन्या पद्धतीचे कपडे, शाली, काही अनवाणी. आज काही सण आहे का?"

"कुठे बघितलीस?"

"कबरस्तानाजवळ. तिथे एक म्हातारी फाटक धरून उभी होती. हसून एकेकाला वाट देत होती. इतकी माझ्या आईसारखी दिसत होती की मला रडूच आलं." तिने डोळे पुसले. हसत होती. "आणि ते एक गृहस्थ, तुटक्या बोटाचे. ते कडेला दगडावर बसले होते, हात मांडीवर टाकून. मी विचारलं, बरं नाही का वाटत? म्हणाले, 'माझा पहारा संपला. डोलिनाने संपवला.'"

गॅसवर लापशी उतू जात होती. मला वास येत होता.

"मग म्हणाले, 'घरीच आहे ना ती?' मी म्हटलं, हो, घरीच आहेत."

"मग?"

"मग डोळे मिटून घेतले त्यांनी."

लोखंडी जाळीवर टणकन आवाज झाला.

एक पाऊल. मग दुसरं. मग एकात एक मिसळलेली, हलकी, जड, अनवाणी. मी मोजू लागले. मोजायची सवय बावीस वर्षांची. गावात अकरा माणसं. चाळीसच्या पुढे मी थांबले. जाळी वाजतच होती.

उघड्या दारातून ओल्या मातीचा वास आत आला.

रूथने खिडकीतून डोकावून पाहिलं, आणि आईसारखंच हसली.

"आपल्याकडेच येताहेत वाटतं," ती म्हणाली आणि फडताळाकडे वळली. "आणखी कप काढू ना, मावशी?"